विश्लेषण : ‘मिशन ट्रिप’ दहा दिवसांची, जबाबदारी मात्र कोणाची?

परदेशातील एखाद्या चर्चचे दहा-बारा जणांचे पथक येते. शाळेची भिंत रंगवते, मुलांबरोबर खेळते, आरोग्य शिबिर भरवते, रविवारच्या उपासनेत बसते आणि दोन आठवड्यांत परत जाते. पाहुण्यांना हा अनुभव आयुष्यभर पुरतो. पण ज्या गावात ते येऊन गेले, त्या गावाच्या हाती काय लागते? १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांच्या प्रवेशाविषयी नवा कायदा देशात लागू झाला. पुढच्याच महिन्यात ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात व्हिसाच्या अटी मोडून धर्मप्रचार केल्याच्या आरोपावरून एका अमेरिकी नागरिकावर आणि त्याच्याबरोबरच्या भारतीयांवर गुन्हा नोंदवला गेला. आरोप म्हणजे दोष नव्हे. तरीही मलकापूरसारख्या, मिशनचा जुना इतिहास असलेल्या गावांत अशा पाहुण्यांना बोलावण्याआधी नियम काय सांगतात आणि अनुभव काय सांगतो, हे समजून घ्यायला हवे.

‘शॉर्ट टर्म मिशन’ म्हणजे काय?

पूर्वी मिशनरी होणे म्हणजे जवळजवळ सगळे आयुष्य परदेशात घालवणे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला आणि हे चित्र बदलले. १९६० मध्ये अमेरिकेत लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था सुरू केली. तरुणांनी काही आठवडे किंवा महिने परदेशात काम करावे, ही तिची कल्पना होती. पुढे अनेक चर्चनी ती उचलली आणि सुट्टीत एक-दोन आठवड्यांची ‘मिशन ट्रिप’ ही रूढ गोष्ट झाली. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार, तेथील चर्चचे सुमारे १६ लाख सदस्य वर्षाला अशा परदेश दौऱ्यांवर जात होते. हा अंदाज २००५ च्या सर्वेक्षणावर आधारित आहे. या दौऱ्यांत कोणी घरे बांधतो, कोणी दवाखाना चालवतो, कोणी इंग्रजी शिकवतो आणि कोणी थेट धर्मप्रचार करतो. एकाच नावाखाली इतकी वेगवेगळी कामे येतात, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

मलकापूरचा या विषयाशी संबंध काय?

मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि भुसावळ, मलकापूर, अकोला, बडनेरा ही ठिकाणे एका रेषेत आली. कापसाचा व्यापार या मार्गाने वाढला, तसेच मिशनरीही या मार्गाने आले. ए. बी. सिम्पसन यांनी अमेरिकेत १८८७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था उभी राहिली. तिने वऱ्हाड आणि खान्देशात काम सुरू केले. अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा, मलकापूर, भुसावळ आणि जळगाव ही तिची केंद्रे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांत या भागातील मिशनच्या कामाला अनाथालये आणि अन्नछत्रांचे रूप आले. म्हणजे या गावाला परदेशी मिशनरी नवे नाहीत. नवीन आहे ती त्यांच्या मुक्कामाची लांबी.

आणखी एक धागा आहे. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या चौकशीच्या कक्षेत वऱ्हाडातील जिल्हेही होते. १९५६ च्या अहवालात समितीने, ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे त्यांना परत पाठवावे, अशी शिफारस केली. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी असल्याचे म्हटले. ‘सेवा’ कुठे संपते आणि ‘प्रचार’ कुठे सुरू होतो, हा वाद या भागात तेव्हापासून आहे.

जुने मिशनरी आणि आजचे पाहुणे यांत फरक काय?

पहिला फरक भाषेचा. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स चार दशके इथे राहिले. १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतिराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच काम केले.

दुसरा फरक जबाबदारीचा. जो तीस वर्षे राहतो, त्याला आपल्या चुका निस्तराव्या लागतात. शस्त्रक्रिया बिघडली तर रुग्ण दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. शाळा बंद पडली तर पालक जाब विचारतात. दहा दिवसांच्या पाहुण्याला हा जाब कोणी विचारत नाही.

म्हणून जुने सगळे चांगले होते असे नव्हे. ते मिशनरी साम्राज्याच्या काळात आले आणि धर्मांतर हा त्यांचा उघड हेतू होता. परवानगीचा प्रश्न मात्र त्यांनाही सुटला नव्हता. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकी मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्यास फर्मावले होते. बरीच खटपट केल्यावर त्यांना राहता आले.

टुरिस्ट व्हिसावर काय चालते?

कोणत्याही व्हिसावर आलेल्या परकीयाला धार्मिक स्थळाला भेट देता येते, तसेच प्रवचन ऐकण्यासारख्या नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमांना हजर राहता येते. मात्र धार्मिक विचारांचा प्रचार करणे, धर्मस्थळात त्यासाठी भाषण देणे, प्रचाराची पत्रके किंवा ध्वनिफिती-चित्रफिती वाटणे, धर्मांतराचा प्रयत्न करणे याला परवानगी नाही. उपासनेत बसणे चालते, व्यासपीठावरून उपदेश करणे चालत नाही.

सेवाकार्याचेही नियम आहेत. टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवी काम करता येते, पण त्याबद्दल पैसे किंवा कोणताही मोबदला घेता येत नाही. म्हणजे शाळेची भिंत रंगवणे या चौकटीत बसू शकते. आरोग्य शिबिराचे तसे नाही. परदेशी डॉक्टरला भारतात रुग्ण तपासायचे असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानुसार तात्पुरती नोंदणी लागते. ‘दोनच दिवस तर तपासणार’ हा बचाव ठरत नाही.

मिशनरी कामासाठी वेगळा ‘मिशनरी व्हिसा’ आहे. तोही धर्मांतराचा समावेश नसलेल्या कामासाठीच मिळतो.

मग घटनेतील धर्मस्वातंत्र्याचे काय?

घटनेचे कलम २५ ‘सर्व व्यक्तींना’ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. पण भारतात येण्याचा आणि राहण्याचा मूलभूत हक्क परकीयाला नाही. तो व्हिसाच्या अटी मान्य करून येतो आणि त्या अटी त्याला लागू राहतात. शिवाय प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक निकाल महत्त्वाचा आहे. तो ख्रिस्ती पाहुण्यांविषयी नाही, पण नियम तेच आहेत. २०२० मध्ये करोना टाळेबंदीच्या काळात अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवर, तसेच काही भारतीयांवर गुन्हे दाखल झाले. टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार केल्याचा आरोप त्यांत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी हे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळांना भेट देण्यास आणि नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमांना हजर राहण्यास व्हिसा नियमांत मनाई नाही, असे न्यायालयाने म्हटले. या परदेशींना इथल्या भाषा येत नव्हत्या, मग त्यांनी इथल्या लोकांचे धर्मांतर कसे केले असते, हा मुद्दाही निकालात आला.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट घ्यायला हवा. परदेशी माणूस प्रार्थनास्थळात दिसला म्हणजे गुन्हा घडला, असे होत नाही. आणि भेट देण्याची मुभा आहे म्हणून प्रचाराचीही आहे, असेही होत नाही.

नव्या कायद्याने काय बदलले?

‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ ने १९४६ च्या फॉरेनर्स अॅक्टसह चार जुने कायदे रद्द केले. व्हिसाच्या अटींचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. परकीयाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. हा नियम फक्त हॉटेलांपुरता आहे, असा अनेकांचा समज असतो. पाहुणा चर्चच्या आवारात, वसतिगृहात किंवा कोणाच्या घरी उतरला तरी ही माहिती द्यावी लागते. पूर्वापार ती ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली जाते आणि ऑनलाइन भरता येते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठीही एक सूचना आहे. ओसीआय कार्ड असले की भारतात काहीही करता येते, असे नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी किंवा तबलिगी काम, पत्रकारिता आणि संशोधन यांसाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. आजोळच्या गावी येऊन नातेवाइकांबरोबर उपासनेला बसणे वेगळे आणि तिथे प्रचाराची सभा घेणे वेगळे.

पाहुण्यांनी देणगी दिली तर?

इथे सर्वांत जास्त गफलत होते. धार्मिक, सामाजिक किंवा शैक्षणिक कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेला परदेशी व्यक्तीकडून पैसे घेण्यासाठी ‘एफसीआरए’ नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. देणगी रुपयांत दिली तरी ती परदेशीच ठरते. ठरवणारी गोष्ट नोट कोणत्या देशाची आहे ही नसून, देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे ही आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. एका नोंदणीकृत संस्थेने ती दुसरीकडे वळवण्यासही बंदी आहे. मोठ्या शहरातील संस्थेने पैसे घ्यायचे आणि तालुक्याच्या गावातील छोट्या संस्थेला द्यायचे, हा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला.

मोठ्या संस्थाही या नियमांतून सुटलेल्या नाहीत. परवानगी न मिळाल्याने ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेला २०१७ मध्ये भारतातील काम थांबवावे लागले. तिच्या मदतीवर सुमारे १ लाख ४५ हजार मुले अवलंबून होती. नियमांच्या कडकपणावर मतभेद असू शकतात. पण मदत अचानक थांबली की शाळेची फी कोणाची अडते, हे या उदाहरणातून दिसते.

सहलीचा फायदा नेमका कोणाला?

हा प्रश्न चर्चच्या आतूनच विचारला गेला आहे. कॅथलिक धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे सेवेसाठी आलेल्या अमेरिकी तरुणांसमोरच अशा सेवेवर कडक टीका केली. पाहायला आणि शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, असा त्यांचा सूर होता.

१९९८ मध्ये ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील अनेक पथकांनी तिथे जाऊन घरे बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी पाहुण्यांनी बांधलेल्या आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांची तुलना केली. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यावरील परिणामांत फारसा फरक नव्हता. खर्चात मात्र होता. स्थानिक संस्थेचे घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये होत होते, तर एका पथकाचा प्रवासासह खर्च सुमारे ३० हजार डॉलर होता. परत गेल्यावर पाहुणे अधिक दानशूर होतात हा दावाही या पाहणीत फारसा टिकला नाही.

आपल्याकडचा हिशेब करून पाहू. समजा, बारा जणांच्या पथकाने विमान, व्हिसा, मुक्काम यांवर प्रत्येकी दोन लाख रुपये खर्च केले. एकूण २४ लाख झाले. भिंत रंगवायला गावातला रंगारी काही हजारांत तयार असतो आणि त्याच्या घरातली चूलही त्यावर पेटते.

याची दुसरी बाजूही आहे. खर्च हेच एकमेव माप नाही. ज्याने भारत फक्त बातम्यांत पाहिला, तो एखाद्या घरी जेवून, पोळी लाटायचा प्रयत्न करून परत जातो तेव्हा त्याची समज वाढते. दूरच्या श्रद्धाबंधूंनी आपली आठवण ठेवली, याचा लहान मंडळीला आधार वाटतो. हा फायदा खरा आहे. पण त्याला ‘भेट’ म्हणावे, ‘उद्धार’ म्हणू नये.

बिघडले तर किंमत कोण मोजतो?

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर धर्मप्रचारासाठी गेला आणि तिथे मारला गेला. तो टुरिस्ट व्हिसावर आला होता आणि त्या बेटावर जाण्यास बंदी होती. त्याच्या मृत्यूची चर्चा जगभर झाली. त्याला बेटाजवळ नेल्याबद्दल स्थानिक मच्छीमारांना अटक झाली, ही बातमी मात्र लवकर विसरली गेली. बाहेरच्या आजारांना प्रतिकारशक्ती नसलेल्या बेटावरील लोकांना निर्माण झालेला धोका वेगळाच.

ही टोकाची घटना आहे. पण तिची रचना अहमदनगर आणि भिवंडी येथील प्रकरणांतही दिसते. तिन्ही प्रकरणे सारखी नाहीत. एकात मृत्यू झाला, एकात आरोप न्यायालयाने फेटाळले, एकात आरोप ठेवले गेले. तरी तिन्ही ठिकाणी पाहुण्यांबरोबर स्थानिक माणसे अडकली. परकीयाला अनेकदा परत पाठवले जाते, पुढचा व्हिसा नाकारला जातो. ज्याने त्याला आणले, खोली दिली, दुभाषाचे काम केले, त्याला त्याच गावात, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचे असते. एका आठवड्याच्या कार्यक्रमामुळे शंभर वर्षे सलोख्याने राहिलेल्या मंडळीकडे संशयाने पाहिले जाऊ शकते.

पंडिता रमाबाईंच्या अनुभवातून काय दिसते?

परदेशी मदत आणि स्थानिक निर्णय यांचा मेळ कसा बसतो आणि कुठे तुटतो, हे दोन्ही रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, ठिकठिकाणी बोलल्या आणि तिथला समाज त्यांनी बारकाईने पाहिला. त्यावरचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये आले. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पैसा अमेरिकेचा होता. शाळा कुठे काढायची, कोणासाठी काढायची आणि कशी चालवायची, हा विचार मात्र रमाबाईंचा होता.

विधवांसाठीच्या या संस्थेत धर्मांतराचा प्रयत्न होणार नाही, असे सुरुवातीला सांगितले होते. पुढे काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याची चर्चा झाली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. प्रार्थनेची खोली उघडी ठेवण्यात आपण गैर काही केले नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. कोण बरोबर, यावर आजही दोन मते आहेत. पण सांगितलेला हेतू आणि लोकांना दिसलेले काम यांत अंतर पडले की विश्वास तुटतो, यावर दुमत नसावे. व्हिसाच्या अर्जावरील ‘प्रवासाचा उद्देश’ हा रकाना तोच प्रश्न विचारतो.

आपल्याकडून बाहेर जाणाऱ्यांना काय लागू होते?

नियम एकाच दिशेने चालत नाहीत. भारतातून नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिथे सेवा-प्रार्थनेचा दौरा काढणे सोपे वाटते. पण नेपाळच्या २०१५ च्या घटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि परकीयाला शिक्षा भोगल्यानंतर देशाबाहेर काढले जाते. तिथेही पाहुण्याच्या उत्साहाचा भार स्थानिक मंडळीवरच पडतो.

मग पाहुणे बोलवावेत की नाही?

बोलवावेत, पण आमंत्रण देण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असावीत. हे काम गावाने मागितले आहे, की पाहुण्यांच्या सोयीसाठी शोधून काढले आहे? व्हिसाच्या अर्जात लिहिलेला उद्देश आणि कार्यक्रमपत्रिका तंतोतंत जुळतात का? मुक्कामाची माहिती कोण कळवणार आणि पैसे येणार असतील तर कोणत्या नोंदणीवर? आणि पाहुणे गेल्यावर सुरू झालेले काम कोण चालवणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर उरलेल्या तिघांची उत्तरे कितीही चोख असली तरी शिबिर फोटोंपुरतेच उरते. रक्तदाबाची गोळी एका दिवसात लिहून देता येते, पण ती वर्षभर कोण पुरवणार हे ठरवायला गावातलाच डॉक्टर लागतो. तो डॉक्टर, ती शिक्षिका, तो पाळक आधी ठरवावा आणि पाहुण्याला त्यांच्या हाताखाली काम द्यावे. पाहुण्याने व्यासपीठापेक्षा मागच्या रांगेत बसावे, बोलण्यापेक्षा ऐकावे. कायद्याची चौकटही त्याला तेच सांगते आणि वऱ्हाडातल्या घरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याकडून अपेक्षाही तीच असते.